बिनजमिनीचं गाव

फार फार जुनी गोष्ट आहे, आणि इतक्या लांबची की तिथला सूर्यसुद्धा आपला नव्हे. त्या परक्या सूर्याभोवती एक थोराड ग्रह फिरत होता. अंगावर पांढऱ्या-तांबूस ढगांचे पट्टे आणि आत सगळा वायूच वायू. जमीन म्हणाल तर बोटभरसुद्धा नाही. मग माणसं राहत कुठं? सांगतो, दम धरा.

ढगांच्या वरच्या गार थरात एक गाव तरंगत होतं. प्रत्येक घरावर भलामोठा फुगा आणि फुग्याखाली चूल. चुलीची ऊब फुग्यात जायची, त्यावर घर तोलून राहायचं. घरं एकमेकांना दोरांनी बांधलेली. सांज झाली की प्रत्येकानं शेजारचा दोर एकदा ओढायचा आणि शेजाऱ्यानं तो उलट ओढायचा. म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं.

या गावात केरबा नावाचा एक मानी गृहस्थ होता. त्याच्याकडे एकदा जवळच्या खडकाळ चंद्रावरून पाहुणा आला आणि जेवता जेवता हसला. "तुमच्या पायाखाली जमीनच नाही. हे कसलं घर?"

केरबाच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तो दोर सोडायला बसला. "खाली कुठंतरी जमीन असणारच. पक्कं घर बांधतो की नाही बघ."

"अहो, खाली गेलेलं कुणी परत आलंय का?" त्याची बायको सारजा म्हणाली.

"तू गप्प बस."

सारजा गप्प बसली, पण तिचे हात काही गप्प बसले नाहीत. तो दोर सोडत गेला, ती एकाला एक जोडून गाठी मारत गेली. त्या लांबलचक दोराचं एक टोक तिनं आपल्या घराला ठेवलं आणि दुसरं गुपचूप शेजारच्या ठकूमावशीच्या खांबाला बांधलं.

केरबानं चूल विझवली. घर खाली निघालं. ढग दाटले, उजेड गेला, उकाडा वाढला, भिंती करकरू लागल्या. जमीन काही येईना. मग मात्र केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं घाईनं चूल पेटवली, पण बाहेरच इतकं तापलं होतं की चुलीची ऊब फुग्याला उचलेना.

"चुकलं माझं," तो रडकुंडीला आला. "तुलाही घेऊन बुडालो."

तेवढ्यात सारजाच्या हातातल्या दोराला हिसका बसला. वर सांज झाली होती. सारजानं जीव खाऊन दोर ओढला, पुन्हा पुन्हा ओढला. ठकूमावशीनं काय ते ओळखलं आणि गावाला हाक मारली. सगळं गाव दोराला लागलं, तेव्हा कुठं ते घर वर आलं.

"आधी गरम पेज पी," मावशी केरबाला म्हणाली. "खरडपट्टी मागाहून काढते."

केरबानं पेजेची वाटी तोंडाला लावली. इतकी गोड पेज तो कधी प्याला नव्हता.

पुढं तो पाहुणा पुन्हा आला. "काय केरबा, जमीन सापडली का?"

केरबानं मावशीच्या घराचा दोर त्याच्या हातात दिला. "सापडली. ओढून बघा."

पाहुण्यानं दोर ओढला. पलीकडून लगेच उलट ओढ आली.

म्हणून लक्षात ठेवा, पायाखाली जमीन नसली तरी माणूस तरतो, पण शेजारी माणूस असावाच लागतो.