जेठीबाईचा आवाज कशात ठेवावा?

एकदा एका वृद्ध भाषापंडिताच्या घरचा संगणक मरणपंथाला लागला. पंडित सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहान गावात राहत. डोंगरातली एक बोली त्यांनी आयुष्यभर ऐकली, समजून घेतली आणि ध्वनिमुद्रित करून ठेवली. ती बोलणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्या ध्वनिमुद्रणांत सर्वांत मोलाचा होता जेठीबाई नावाच्या एका म्हातारीचा आवाज. तिच्याइतक्या गोष्टी कुणालाच येत नव्हत्या, तिच्या पोटच्या लेकीलाही नाही. आदल्या वर्षी जेठीबाई वारली. तिच्या गोष्टी राहिल्या त्या फक्त पंडितांच्या जुन्या संगणकात, आणि त्याची हार्ड डिस्क आता सुरू होताना कण्हू लागली होती.

पंडितांची एक शिष्या होती, मृण्मयी नावाची. नवा संगणक जुळवण्याचे काम त्यांनी तिच्यावर सोपवले. तिने प्रोसेसर निवडला, पेटी निवडली, पंखासुद्धा निवडला. मग गाडी अडली ती एसएसडीपाशी. एसएसडी म्हणजे नव्या काळाची साठवण. तिच्यात फिरणारे काही नसते, आवाज नसतो, आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या पट्टीत माणसाचे अख्खे आयुष्य मावते. मृण्मयीला धास्ती वाटली ती त्याचीच. एवढ्याशा पट्टीवर जेठीबाईला ठेवायचे, आणि पट्टी चुकीची निघाली तर?

ती वाचू लागली, आणि वाचू लागलेल्या माणसाचे जे होते तेच तिचे झाले. एक जण म्हणे अमुक कंपनीची घ्या, डोळे झाकून. दुसरा म्हणे, तिचीच घेतली आणि आठवड्यात बंद पडली. कुणी सांगे की एकेका कप्प्यात जास्त माहिती कोंबणारी स्वस्त जात घेऊ नका, ती लवकर झिजते. कुणी सांगे की वेगवान जात तापते, तिच्यावर पत्रा बसवा. कुठल्या जातीवर किती लिहिले म्हणजे ती दमते, याचे आकडे तिला तोंडपाठ झाले. जेवताना तेच, भाजी निवडताना तेच. पंडित रोज संध्याकाळी विचारत, "ठरलं का ग?" ती म्हणे, "अजून एक बघायचीय, गुरुजी." आणि जुना संगणक ती उघडतही नव्हती. उगाच उघडला तर आहे तो जीवही जाईल, अशी तिला भीती.

अखेर एके दिवशी पंडित म्हणाले, "आज बाजारात जा आणि मिळेल ती घेऊन ये. डिस्क तुझ्या वाचनासाठी थांबणार नाही."

ती तालुक्याच्या बाजारात गेली. संगणकाचा व्यापारी जुना ओळखीचा होता. त्याने काचेच्या कपाटातून सर्वांत महागड्या एसएसडीची डबी काढली आणि अदबीने पुढे ठेवली. "ताई, ही न्या. पाच वर्षांची गॅरंटी आहे. काही झालं तर बदलून देतो, एक शब्द विचारणार नाही."

गॅरंटी हा शब्द ऐकून तिला जरा बरे वाटले. तिने पट्टी आणली, एका बारीक स्क्रूने बसवली, आणि जीव मुठीत धरून जुन्या डिस्कवरचे सगळे नव्यावर उतरवले. सगळे उतरले. दुसऱ्याच दिवशी जुनी डिस्क सुरू व्हायची थांबली ती कायमची.

आता तरी काळजी मिटावी की नाही? पण ती वाढली. काल निदान दोन ठिकाणी होते, आता सगळे एकाच पट्टीवर आले. एसएसडीची तब्येत दाखवणारा एक प्रोग्राम तिने बसवला आणि ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला आई जसा सारखा हात लावते, तशी ती उठता बसता तो उघडून पाहू लागली. संगणकावर कापड घातले. विजा चमकल्या की वायर काढली. पंडित त्या बोलीच्या शब्दकोशाचे काम करायला बसले की ती दारात उभी राही.

"गुरुजी, आज फार लिहू नका. लिहिलं की ती झिजते."

"आणि ऐकलं तर?"

"ऐकल्यानं काही होत नाही म्हणतात. पण कशाला उगाच?"

तेव्हापासून त्या घरात जेठीबाईचा आवाज ऐकू येईनासा झाला. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिलाच गप्प बसवून मृण्मयी पहारा देत होती, आणि हे तिच्या लक्षातही आले नव्हते. भीतीचे असेच असते. ती आपण काय राखतोय तेच विसरायला लावते.

मग एके दुपारी ती आत आली तर संगणकाची पेटी उघडी होती. पट्टीची जागा रिकामी. टेबलावर बारीक स्क्रू पडलेला. पंडित घरात नव्हते, त्यांची झोळीही खुंटीवर नव्हती. ती बाहेर धावली, शेजारी विचारले. गुरुजी झोळी घेऊन गाडीने तालुक्याला गेल्याचे कळले. ती पायरीवर बसली आणि तिथून हलली नाही.

दिवस कलला तेव्हा पंडित परतले. झोळी खांद्यावर सपाट लोंबत होती.

"गुरुजी, ती कुठाय?"

"नाही माझ्यापाशी."

"म्हणजे?"

"समज, गेली."

मृण्मयी रडू लागली. पंडित तिच्याशेजारी पायरीवर टेकले आणि तिला रडू दिले.

"काय गेलं ग?" जरा वेळाने त्यांनी विचारले.

"जेठीबाई गेली."

"जेठीबाई किती ठिकाणी होती?"

"एकाच."

"मग सांग, दुसऱ्या कुठल्या कंपनीची पट्टी असती तर माझ्या झोळीतून ती वाचली असती? त्या व्यापाऱ्याच्या गॅरंटीनं तुला काय परत दिलं असतं?"

"नवी पट्टी," ती म्हणाली. "कोरी."

पंडितांनी विचारले, "तुझ्या घरी दही लागतं ना? एखाद्या दिवशी नासलं तर विरजण कुठून येतं?"

"शेजारच्या काकूंकडून."

"आणि त्यांचं नासलं तर?"

"आमच्याकडून नेतात. मुळात त्यांचं विरजण आमच्या आजीनंच दिलेलं."

"कधी तुझ्या आजीनं बाजारात जाऊन विचारलं, की कुठल्या भांड्यात दही कधीच नासत नाही?" पंडितांचा आवाज मऊ झाला. "भांडी चांगलीच घ्यावीत, बाळ. तू निवडलीस ती चांगलीच आहे. पण भांडं म्हटलं की ते एक दिवस दगा देणारच, मग ते महाग असो की स्वस्त. दही टिकतं ते वाटीवाटीनं दुसऱ्याच्या घरी गेलं म्हणून. तू इतके दिवस कधीच न मरणारी पट्टी शोधत होतीस. पट्टी मेली तरी जेठीबाई कशी राहील, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस. म्हणून तुझी भीती संपली नाही."

मग त्यांनी सांगितले की पट्टी व्यापाऱ्याच्या दुकानात सुखरूप आहे, आणि तो तिच्यावरचे सगळे दोन साध्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या एसएसडींवर उतरवतो आहे.

मृण्मयीने डोळे पुसले. तिला रागही आला होता. "आणि वाटेत झोळीतून पडली असती तर?"

"तर खरंच गेली असती," पंडित म्हणाले. "गाडीत माझा हात सबंध वेळ झोळीवर होता. पण इथं कापडाखालीही ती तितकीच एकटी होती. घरीच उतरवलं असतं तर बरं झालं असतं. तू हात लावू दिला असतास तर."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानातून पट्टी आणि दोन्ही प्रती घेऊन आली.

दोन साध्या प्रतींपैकी एक मृण्मयीने आपल्या घरी ठेवली. दुसरी ती स्वतः डोंगरातल्या पाड्यावर जाऊन जेठीबाईच्या लेकीला, सुमलीला देऊन आली. तिथल्या शाळेच्या मास्तरांना सांगितले की अधूनमधून ही संगणकाला लावत जा, वर्षानुवर्षे नुसती पडून राहिली तर तीही विसरते.

काही महिने गेले. एका सकाळी नवा संगणक सुरू झाला, पण महागड्या एसएसडीचे नावच दाखवेना. व्यापाऱ्याने शब्द पाळला आणि एक शब्द न विचारता नवी कोरी पट्टी हातात ठेवली. मृण्मयीने घरची प्रत काढली. तिच्यावर बाकी सगळे होते, पण जेठीबाईच्या गोष्टींचा एक भाग उघडेना. उतरवतानाच कुठे तरी खोट राहिली असावी. मिळेल त्या गाडीने ती पाड्यावर निघाली, आणि वाटभर तिला एकच वाटत होते, की सुमलीने ती पट्टी जपून ठेवलेली असू दे.

सुमली अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मृण्मयीने धापा टाकतच विचारले, "सुमलीताई, ती पट्टी कुठं ठेवलीय? नीट आहे ना?"

"मास्तरांकडंय, शाळेत. का हो बाई?"

"आमच्याकडं तुमच्या आईच्या काही गोष्टी गेल्या. तुमच्याकडं तरी असतील म्हणून आले."

सुमलीला हसू आले. मास्तरांनी पट्टी लावली त्याच दिवशी पोरांनी सगळ्या गोष्टी मोबाइलमध्ये घेतल्या होत्या, आणि पलीकडच्या पाड्यावरचे पाहुणेही घेऊन गेले होते.

"आईचा आवाज हरवला म्हणून एवढ्या लांब आलात?" ती म्हणाली. "इथं तर बाई, जेवायला बसताना सांगावं लागतं, आता आजीला जरा गप्प करा रे."

मृण्मयी ओसरीवर बसली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्याचे जाणवले.

जे हरवेल या काळजीने आपली झोप उडते, ते आजच कुणाच्या तरी घरी देऊन यावे.