निरगुडवाडीचा पहिला प्रश्न

गावात शिरताना तुम्हाला कोणीतरी विचारलं असेल, काय खाऊन आलात? जेवलात का, असं नव्हे. काय खाल्लं, असं. पाहुण्यांना वाटतं, काय ही आपुलकी. थोडी आपुलकी असेलही, पण मुळात ती चौकशी आहे. उत्तर देताना तुम्ही डोळ्याला डोळा देता की नाही, हे आमची माणसं बघून घेतात. मी बहिरू गुरव, निरगुडाईची पूजा माझ्याकडे आहे. गावात मला संशयी म्हणतात. म्हणोत. या गावात संशयाला देवाइतकाच मान आहे आणि त्याचं कारण तुमच्या समोरच्या या तळ्यात आहे.

काठावर या दोन दगडी बैठका बघा. उंच आहे ती नाईकाची, तिच्या उजव्या अंगाला कारभाऱ्याची. आणि तो पाण्यातून जरासा वर आलेला सपाट दगड तिसऱ्याचा. त्याला बैठक नाही. त्यावर उभं राहायचं असतं.

फार पूर्वी वरच्या गडावर सुभाननाईकाचं राज्य होतं, असं सांगतात. राज्य म्हणजे केवढं, तर या डोंगरातल्या वाड्या आणि घाटाची एक वाट. पण गादी ती गादी. सुभाननाईक गादीवर आणि विसाजी त्याचा कारभारी. रीत अशी होती की नाईकाला कोणी थेट काही विचारायचं नाही. ज्याला विचारायचं असेल त्यानं इथे येऊन कारभाऱ्याला सांगायचं, कारभाऱ्यानं ते नाईकाच्या कानात घालायचं. नाईकही न विचारता बोलत नसे. न विचारता जो खुलासा देतो त्याच्या मनात चोर असतो, असं तेव्हा मानत. आणि नाईक नसेल तर गादी कारभाऱ्याची, कारभारीही नसेल तर ज्याच्या कमरेला कोठाराची किल्ली त्याची, असं ठरलेलं होतं. हे शेवटचं ठरवणाऱ्यालाही वाटलं नसेल की अशी वेळ कधी येईल.

किल्ली होती हौसाईच्या कमरेला. तिचा नवरा कोठारावर होता. तो तापानं गेला, पोरबाळ नव्हतं, म्हणून किल्ली बायकोकडे आली. कारभारी सांगेल तेव्हा दार उघडायचं, सांगेल तेवढी नाचणी वरून मापून द्यायची, एवढंच तिचं काम.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. तळं आटलं, तळाची माती भेगाळली. एके दिवशी नाईकानं दवंडी पिटवली. पाऊस पडावा म्हणून गादी सोडीन, असा मी निरगुडाईला नवस केला होता, आता तो फेडायला जातो. लोक रडले म्हणे. दुसऱ्या दिवशी विसाजीनं गादीवर बसायचं, तर त्यानंही पागोटं काढून आपल्या बैठकीवर ठेवलं. धन्याशिवाय चाकर कसला, म्हणाला. संध्याकाळच्या आत दोघेही घाट उतरून गेले.

आता देवळातल्या पोथीत एवढंच आहे. त्याग, निष्ठा वगैरे. माझे आजोबा मात्र पुढचं सांगत. घाटाच्या वाटेवर आदल्या दिवसापासून बैलांची रांग लागली होती आणि बैलांच्या पाठीवर गोण्या होत्या. नवस खरा असेल, मी देवीचा पुजारी आहे, मी कशाला नाकारू? पण नवस फेडायला निघालेल्या माणसाला एवढे बैल कशाला लागतात, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

अशी गादी हौसाईकडे आली. राज्याची मोठी दोन माणसं एका दिवसात उठून गेली आणि उरली ती किल्लीवाली. ती काही गादीवर बसली नाही. ती कोठारात गेली. पहिल्यांदाच तिनं कणगीत कोपरापर्यंत हात घातला, आणि हाताला लागला कोंडा. वर नाचणीचा थर, खाली सगळा कोंडा. एकामागून एक सगळ्या कणग्या तशाच. फक्त आतल्या अंधारात, भिंतीशी, एक कणगी शेणामातीनं लिंपून बंद केलेली होती. ती वाजवून पाहिली तर भरलेली निघाली. ते बियाणं होतं. ते कोणी ठेवलं? काही म्हणतात, तिच्या नवऱ्यानं धन्याच्या नकळत राखलं. मग बाकीच्या कणग्यांतला कोंडाही त्याला ठाऊक होता की काय? असेलही. मेलेल्या माणसाबद्दल मी काही बोलत नाही, पण मनातली शंका जात नाही.

हौसाईपुढे पेच पडला. कोठार पोकळ आहे हे सांगावं तर लोक त्याच दिवशी मुलूख सोडून रानोमाळ होतील. बियाणं आहे म्हणून सांगावं, तर भुकेलेली माणसं तेच दळून खातील, आणि उद्या पाऊस आला तरी पेरायला मूठभर नाचणी राहणार नाही. शिवाय नवऱ्याचं नाव चव्हाट्यावर येणार, ते वेगळंच. तिनं तोंड मिटून घेतलं. वरच्या थरातली नाचणी ती घरोघरी थोडी थोडी मापून देई. स्वतःच्या वाट्याची मात्र घेत नसे. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करून खाण्याची गोष्ट सांगतात, पण हिनं मांडा वगैरे काही केला नाही. नुसता कोंडा थापून भाजायची आणि पाण्याबरोबर गिळायची. आणि कोठारात कोणाला पाऊल टाकू देत नसे.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? वाड्यावाड्यांतून तेच सुरू झालं.

"दोगं बी येकाच दिशी गेलं. आपसूक गेलं व्हय?" पाणवठ्यावर एक म्हणे.

"ज्याच्या पदरात पडलं त्यानंच हलवलं आसंल झाड," दुसरी म्हणे.

"कोठारात का जाऊ दीत न्हाई मंग?"

"कशाला जाऊ दील? आत बसून खाती की ती."

हे सगळं तिच्या पाठीमागे चाले. ती आली की लोक हात जोडत. ती गेली की पुन्हा डोकी एकत्र येत. शंका खोटी होती असं मी म्हणणार नाही. दोन मोठी माणसं एका दिवशी जातात आणि तिसऱ्याच्या हाती सगळं येतं, तेव्हा ज्याला शंका येत नाही तो खुळा. पण शंका तिच्या दारापर्यंत कधी गेलीच नाही. ती एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर फिरत राहिली आणि फिरता फिरता वाढली.

वैशाख लागला तसा वरचा थर संपला. हौसाईनं माप बंद केलं. त्या सकाळी सगळ्या वाड्या इथे गोळा झाल्या. तळं कोरडं ठणठणीत होतं. हौसाई आली. दोन्ही बैठकांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. खाली उतरली आणि त्या सपाट दगडावर उभी राहिली.

"इचारा," ती म्हणाली. "जे इचाराल त्याचं उत्तर दीन. न इचारता सांगितलं तर खोटं म्हनाल."

कोणी बोलेना. गादीला थेट विचारायची सवयच नव्हती कोणाला. प्रश्न सांगायचा तो कारभाऱ्याला, आणि कारभाऱ्याची बैठक रिकामी. विसाजीचं पागोटं अजून तिथेच पडलेलं होतं. म्हणे काही म्हातारे त्या पागोट्यापाशी जाऊन उभे राहिले आणि तसेच परत फिरले. प्रत्येकाला वाटे, शेजारी विचारील. शेजाऱ्याला वाटे, त्याच्या पुढचा. ऊन चढलं. ती उभी होती. एकदा पुन्हा म्हणाली, "इचारा की रं." माणसं जमिनीकडे बघत राहिली.

ऊन कलायच्या आधी ती दगडावरच कोसळली. बायका धावल्या. जीव गेलेला होता. तिला उचलताना पदराची गाठ सुटली आणि कोंड्याच्या भाकरीचा तुकडा खाली पडला. एका बाईनं तो उचलला, जिभेवर ठेवला आणि "कोंडा हाय ह्यो" म्हणून ओरडली. मग कमरेची किल्ली घेऊन लोक कोठाराकडे धावले. कणग्या उलथल्या. कोंडाच कोंडा. आणि भिंतीशी ती एक कणगी, तिचं लिंपण जसंच्या तसं.

पोथी म्हणते, हौसाईनं देह ठेवला त्या क्षणी तिच्या पायाखालून झरा फुटला. मला हे पटत नाही. माझे आजोबा सांगत ते असं. तिला कुठे ठेवायचं, असा प्रश्न आला. शेवटी म्हणाले, जिथं पडली तिथंच. दगडाशेजारी खणायला घेतलं आणि पुरुषभर खोलीवर पाणी लागलं. म्हणजे पाणी होतंच खाली. दोन वर्षं नाईकाला आणि कारभाऱ्याला पुसत बसण्यापेक्षा कोणी कुदळ मारली असती तर तेव्हाच लागलं असतं. खड्डा भरला, म्हणून तिला तिथे ठेवताही आलं नाही. देवळामागे निरगुडीच्या झुडपात तिची समाधी आहे, जाताना बघा. त्या वर्षी उशिरा का होईना पाऊस आला, आणि त्या कणगीतल्या बियाण्यावर या डोंगरात माणूस टिकला. नाईक आणि विसाजी खालच्या मुलखात सुखानं म्हातारे झाले म्हणे. दोघांनी एकेक देऊळ बांधलं. पैसा कुठून आला, ते देव जाणे.

तेव्हापासून इथे कारभार ज्याच्या हाती येईल त्यानं अक्षय तृतीयेला त्या दगडावर उभं राहायचं आणि गावानं तोंडावर विचारायचं. ज्यानं इथे विचारलं नाही त्यानं वर्षभर पारावर कुजबुजायचं नाही. आणि पहिला प्रश्न ठरलेला, तो कोणालाही बदलता येत नाही.

गेल्या वर्षी आमचे सरपंच आणि उपसरपंच, दोघांनीही एकाच दिवशी राजीनामे दिले. एकानं तब्येतीचं कारण दिलं, दुसऱ्यानं घरगुती. मी दोन्हीवर विश्वास ठेवला नाही. वरून कागद आला आणि कारभार शेवंता भांगरे या सदस्य बाईकडे आला. गावात लगेच सुरू झालं, हिनंच काहीतरी केलं असणार. खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. अक्षय तृतीयेला ती पाण्यात उतरली, दगडावर उभी राहिली, आणि सगळा काठ गप्प झाला. सगळे तळ्याच्या पाण्याकडे बघत होते. मग माझ्याच घशातून आवाज फुटला.

"शेवंता, आज काय खाल्लंस?"

"काय न्हाई, बाबा," ती म्हणाली. "सकाळधरनं घास उतरना. तुमच्या भ्यानं."

तिला तिथेच, पाण्यात उभी असताना, नाचणीची भाकर आणि ठेचा नेऊन दिला. तिचं खाऊन होईस्तोवर दुसरा प्रश्न थांबवून ठेवला. आणि मग दिवस मावळेपर्यंत आम्ही तिची अशी झाडाझडती घेतली की बाई दोनदा रडली. पण दोन्ही वेळा डोळे पुसून उत्तर दिलं.

आजही तळ्याचं पाणी आटत नाही. आजही दोन्ही बैठकांवर कोणी बसत नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि आजही आम्ही शंका घेतो, पण आधी भाकर देतो. तुम्ही मघाशी म्हणालात, घाटाखाली पोहे खाल्ले. तिथलं हॉटेल परवापासून बंद आहे. चला घरी, भाकरी टाकायला सांगतो. मग खरं काय ते विचारीन.