सगळ्यात मोठं गिऱ्हाईक

बेदाण्याच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे असा, की त्याला कुणी ‘जरा थांब’ म्हणालं, तर ‘आता जा’ म्हणेपर्यंत तो तिथंच उभा राहायचा. गावाच्या बेदाणा सोसायटीत तो शिपाई होता. यजमान गेल्यापासून सोसायटी शेवंताकाकू बघायच्या, आणि लिंबाजीलाही त्याच बघायच्या.

त्या वर्षी माल सुरेख झाला होता. पण तालुक्याचा व्यापारी दर वर्षी भाव पाडून मागायचा. तेव्हा गावानं ठरवलं, आपला माल आपणच परदेशी पाठवायचा. सगळ्यांनी मिळून दाणा दाणा निवडून नमुन्याची एक पेटी भरली. हिरवा, टपोरा, एकसारखा बेदाणा. पेटी एकच होती. ती योग्य दारी गेली, तर गाव व्यापाऱ्याच्या हातून सुटणार होतं.

काकू म्हणाल्या, “लिंबाजी, जगात कोण किती बेदाणा विकत घेतं, त्याचे आकडे नेटवर असतात. कुणीही घ्यावेत, फुकट आहेत. तालुक्याला नदाफच्या दुकानात जा आणि घेऊन ये.”

लिंबाजी गेला. नदाफनं कॉम्प्युटरवर आकड्यांचं कोठार उघडलं.

“कुठला देश, कुठला माल, कुठलं वर्ष, हे निवडायला सांगतंय. काय निवडू?”

“फुकट आहे ना?”

“फुकट आहे.”

“मग सगळं द्या.”

दुपारपर्यंत कॉम्प्युटर धापा टाकत होता. मग छपाईचं यंत्र सुरू झालं, ते दुकानातला कागद संपल्यावरच थांबलं. लिंबाजी एसटीच्या टपावर गठ्ठे टाकून गावी आला. काकूंनी वरचा कागद उचलला. त्यात छत्र्या होत्या. खालच्यात घोडे होते.

“अरे, पंगतीत वाढपी येईल ते सगळं ताटात घेतोस का? लागेल तेवढं घ्यावं. नको ते मागे ठेवावं.”

“बरं काकू,” लिंबाजी म्हणाला. तो परत तालुक्याला गेला.

या वेळी नदाफनं शहाणपण केलं. फक्त बेदाणा आणि फक्त मागचं वर्ष निवडलं. एकच सुबक तक्ता निघाला. डावीकडे देशांची नावं, उजवीकडे आकडे. नावं त्यानं शेजारी मराठीत लिहूनही दिली. लिंबाजीनं तक्ता नीट पाहिला. काकूंनी आकडे मागितले होते, देश मागितले नव्हते.

“कात्री आहे का?” त्यानं विचारलं.

घरी आल्यावर काकूंच्या हातात त्यानं आकड्यांची एक लांब पट्टी ठेवली.

“हे कुणाचे आकडे?”

“बेदाण्याचे.”

“ते कळलं. कुठल्या देशाचे?”

“देश दुकानात ठेवले काकू. नको ते मागे ठेवावं.”

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, “बाजारात बकरं दिसलं तर मालक कोण, ते विचारतोस ना? जे दिसत नाही, ते चार माणसांना विचारून घ्यावं.”

“बरं काकू,” लिंबाजी म्हणाला.

नदाफनं तक्ता पुन्हा छापून दिला. या वेळी नावंही होती आणि आकडेही होते. पण काही नावांपुढचे चौकोन मोकळे होते.

“इथं काही दिसत नाही,” लिंबाजी म्हणाला.

“त्या देशांनी कळवलेलं नाही.”

कळवलेलं नाही, म्हणजे विचारायला हवं. आणि चार माणसं एसटीत होतीच.

“मावशी, मंगोलियाला बेदाणा किती लागत असेल?”

“घरात माणसं किती?”

“ते लिहिलेलं नाही.”

“शिऱ्याला मूठभर पुरतो बघ.”

लिंबाजीनं ‘मूठभर’ लिहिलं. कंडक्टर म्हणाला, “सणासुदीला जास्त लागतो,” ते पुढच्या चौकोनात लिहिलं. मागच्या बाकावरच्या आजोबांना दात नव्हते. त्यांनी एका अख्ख्या देशाला बेदाणा बंद करायला सांगितलं. गाव येईपर्यंत एकही चौकोन मोकळा राहिला नाही.

काकूंनी तक्ता वाचला. मग घडी करून बाजूला ठेवला.

“लिंबाजी, आता शेवटचं सांगते. आपली अक्कल घालायची नाही, दुसऱ्याचीही नाही. छापलंय तसंच ठेवायचं. नवा तक्ता घे. ज्याच्यापुढे सगळ्यात मोठा आकडा असेल, त्याचं नाव पेटीवर घाल आणि तालुक्याच्या पोस्टात दे. व्यापारी आठवड्यानं येतोय. त्याला सांगता आलं पाहिजे, की आमचा माल बाहेर गेला.”

लिंबाजीनं पेटी काखेत मारली. नदाफनं तक्ता दिला, नावं मराठीत लिहिली आणि शटर ओढून तो जेवायला गेला. मोठा आकडा शोधावा लागलाच नाही. तो पहिल्याच ओळीत होता. लिंबाजीनं त्याच्यापुढचं नाव जसंच्या तसं पेटीवर उतरवलं आणि तो पोस्टात गेला.

खिडकीतल्या बाईंनी पेटी फिरवून पाहिली.

“मामा, इथं नुसतं ‘जग’ लिहिलंय.”

“हो.”

“जगात कुठं?”

“ते छापलेलं नाही. अक्कल घालायची नाही.”

मागे रांग वाढत होती. बाईंनी पेटी परत सरकवली. “जगाला द्यायची, तर पोस्ट कशाला हवं? हे दार ओलांडलं की जगच आहे. द्या जाऊन.”

लिंबाजीला हे फार सोयीचं वाटलं.

संध्याकाळी तो गावी परतला, तेव्हा काकू सोसायटीच्या पायरीवरच बसल्या होत्या.

“दिलीस का पेटी?”

“हातोहात पोचवली.”

“कुठला देश निघाला रे?”

“फार मोठा आहे काकू. बाकीच्या सगळ्या देशांनी मिळून जेवढा बेदाणा घेतला, बरोबर तेवढा त्यानं एकट्यानं घेतलाय.”

काकूंचा चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला.

“हातोहात म्हणजे? सकाळी गेलास, संध्याकाळी आलास. असा कुठला देश?”

“जवळच आहे. पोस्टाच्या दारापासून सुरू होतो.” लिंबाजीनं रिकामी पेटी पायरीवर ठेवली. “स्टँडपर्यंत माल पुरला, पुढचं जग तसंच राहिलं. पण गिऱ्हाईक चांगलं आहे काकू. मूठमूठ घेतलं, खाल्लं, पुन्हा हात पुढे केला. भाव पाडून मागणारा एकसुद्धा निघाला नाही.”