भिवरा माळणीने शोधलेला कुलगुरू

"आठ दिवसांत या यादीत बसणारा कुलगुरू माझ्यासमोर उभा करा, नाहीतर विद्यापीठाला कुलूप!"

चंद्रगिरीच्या महाराजांनी असं फर्मावलं आणि वाचस्पतीशास्त्र्यांच्या हातात यादी ठेवली. शास्त्रीबुवा अकरा वर्षं तिथले कुलगुरू. आता आपल्या जागेवर बसणारा माणूस त्यांनीच शोधून द्यायचा!

हा सगळा उपद्व्याप तीन विश्वस्तांचा. सरदार मोहिले, नगरशेठ मुरारशेठ आणि इनामदार दाजीसाहेब. महाराजांनी त्यांना विद्यापीठाच्या इमारती आणि जमिनी राखायला नेमलं होतं. इमारतींची कौलं गळतच राहिली आणि हे तिघं मात्र वर्गांत घुसू लागले. सरदारांना जन्मात एक श्लोक धड पाठ झाला नव्हता, ते व्याकरण कसं शिकवावं ते सांगत. शेठना ग्रह किती ते ठाऊक नव्हतं, त्यांना ज्योतिषाचा अभ्यास निम्मा करायचा होता. इनामदारांकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, पण तेही रोज दोन तास सांगत.

शेवटी सरदारांनी फर्मान काढलं, वैद्यकाच्या वर्गाची औषधी बाग उपटा, तिथे माझा हत्तीखाना बांधायचाय. शास्त्रीबुवा म्हणाले, "नाही." झालं! तिघं तणतणत दरबारात गेले आणि नवा कुलगुरू कसा हवा त्याची यादीच महाराजांना देऊन आले. "कुलगुरू तुमच्या पसंतीचा असेल," असा शब्द महाराज पूर्वी देऊन बसले होते. आणि महाराज मेले तरी शब्द फिरवायचे नाहीत!

ती बाग भिवरा माळणीनं हातानं वाढवली होती. अडुळसा, शतावरी, गुळवेल, एकेक रोप तिनं रानातून आणलेलं. सातव्या दिवशी ती पाणी घालत होती, तर शास्त्रीबुवा ओट्यावर पोथ्या बांधत बसलेले.

"बुवा, निघालात?"

"काय करू, भिवराबाई? असा माणूस पृथ्वीवर नाही."

"वाचा तरी काय लिहिलंय ते."

शास्त्रीबुवांनी वाचलं. "कुलगुरू दिसायला भारदस्त असावा. अंगावर भरजरी वस्त्रं असावीत. विश्वस्त बोलत असताना त्यानं तोंड उघडू नये. प्रत्येक सूचनेला तत्काळ होकार द्यावा. स्वतःचं मत बाळगू नये. नेऊ तिकडे यावं, बसवू तिथे बसावं."

भिवरानं घागर खाली ठेवली. "एवढंच ना? मग सोडा त्या पोथ्या! माझ्या ओळखीत आहे एक."

"कोण गं?"

"उद्या दरबारात बघा की!"

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. विश्वस्त पुढच्या गाद्यांवर रेलून मिशांवरून हात फिरवत होते. भिवरा उभी राहिली. सरदार शेजाऱ्याला म्हणाले, "आता माळणी कुलगुरू आणणार!" ते ऐकलं मात्र, ती दोन पावलं पुढे सरकली.

"महाराज, उमेदवार दाराशी आहे. आत बोलवू?"

"बोलाव!"

गुबुगुबु ढोलकं वाजलं. भरजरी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात कवड्यांची माळ आणि घुंगरांचा छनछनाट! मल्लू नंदीबैलवाल्याचा नंदी डुलत डुलत आत आला आणि थेट विश्वस्तांसमोर उभा राहिला.

"बैल?" सरदार ओरडले. "ही आमची थट्टा आहे!"

"यादी तुमची आहे, सरदारसाहेब," भिवरा म्हणाली. "माणूसच हवा असं त्यात कुठं लिहिलंय? दाखवा, मी बैल परत नेते."

महाराजांनी यादी मागवली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. "लिहिलेलं नाही खरं! मोहिले, विचारा त्याला काय ते. आमची आज्ञा आहे!"

सरदार दातओठ खात म्हणाले, "औषधी बागेत माझा हत्तीखाना बांधायचा?"

मल्लूनं ढोलकं घुमवलं. नंदीनं मान डोलावली.

शेठ एकदम सावरून बसले. "हत्तीखाना कशाला? बाजाराचे गाळे काढू. काय?"

गुबुगुबु! नंदीची मान हलली.

"ज्योतिषाचा अध्यापक माझा भाचा!" इनामदार किंचाळले. मान हलली.

"भाचा गेला उडत! माझा जावई!" सरदार गरजले. पुन्हा मान हलली.

"त्यानं आधी मला हो म्हटलंय!"

"मला जास्त जोरात म्हटलंय!"

तीन भले थोर गृहस्थ बैलाच्या होकारासाठी एकमेकांच्या पगड्या ओढू लागले. दरबारात खसखस पिकली. महाराजांनी ओठ चावले, पण हट्ट सुटेना.

"बाई, मी शब्द दिलाय. पसंती विश्वस्तांचीच."

"शब्द मोडूच नका, महाराज! त्यांनीच निवडावं. नंदी, नाहीतर शास्त्रीबुवा. ज्याला निवडतील त्याचं नाव दवंडी पिटून गावोगाव सांगा. निवडणाऱ्यांची नावंही सांगा, आणि सोबत ही यादीही वाचा."

तिघांचे चेहरे पडले. नंदीनं मात्र कुणी न विचारताच मान हलवली. मग सरदार जमिनीकडे बघत पुटपुटले, "शास्त्रीच बरे."

"मोठ्यानं!" महाराज म्हणाले.

"शास्त्रीच बरे!" तिघं एका सुरात ओरडले.

महाराज इतके हसले की सिंहासनाचा दांडा धरावा लागला. "मोहिले, उद्यापासून तुम्ही तिघांनी कौलं बघायची. वर्गाचा उंबरा ओलांडलात तर याद राखा! आणि ही भिवरा आजपासून चौथी विश्वस्त."

"माळीण?" इनामदारांना राहवेना. "महाराज, आमच्या बैठकीत बसायला हिला येतं तरी काय?"

"नाही म्हणता येतं, इनामदारसाहेब!" भिवरा म्हणाली.

महाराजांना हसू आवरेना. तशातच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि तिच्या ओंजळीत टाकलं.