कासवाची पाठ आणि कोल्ह्याची अट

जंगल जिथे संपतं आणि खारा वारा सुरू होतो, तिथल्या वाळूत एक म्हातारं कासव राहत असे. जमिनीवरच्या प्राण्यांना पाठीवर बसवून खोल समुद्रात मासे धरायला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. मांजर पंजाने मासे ओढी. कोल्हा पाण्यात शेपूट सोडून बसे. बगळाही येई, त्याला पंख होते हे खरं, मुलांनो, पण भर समुद्रात उभं राहायला जागा कुठे असते? या नेण्या-आणण्याबद्दल कासव खायला काही मागत नसे. सतत खाऱ्या पाण्यात राहून त्याच्या पाठीवर शिंपल्यांसारखी कालवं चिकटत, अगदी घट्ट, आणि तिथवर त्याचं स्वतःचं तोंड पोचत नसे. म्हणून रीत अशी होती, की परत आल्यावर ज्याने त्याने आपण बसलो तेवढी पाठ खरवडून द्यायची. पाठ साफ असली की कासवाला पोहता येई. नाहीतर त्या ओझ्याने बुडायचीच भीती.

निघताना प्रत्येक जण एकच विचारी, "कासवकाका, आज मासे मिळतील ना?" या प्रश्नाला कासव अगदी विटून गेलं होतं. "मी नेईन आणि आणीन," ते म्हणे, "मधलं समुद्राला विचारा." आणि समुद्राचं तर काही सांगूच नये! काल ज्या जागी सुरमई उड्या मारत होत्या, त्याच जागी आज नुसतं पाणी. मासे मिळाले की सगळे म्हणत, "काकांना जागा बरोबर ठाऊक हं!" नाही मिळाले की तेच सगळे कुजबुजत, "म्हातारं झालंय, भलतीकडेच नेतं." कासव दोन्ही दिवशी सारखंच पोहलेलं असे.

एकदा ओळीने बऱ्याच फेऱ्या रिकाम्या गेल्या. कोल्ह्याच्या शेपटीला मासा तर लागला नाहीच, वर एका खेकड्याने कडकडून चावा घेतला. किनाऱ्यावर उतरताच तो तणतणत म्हणाला, "मासा नाही, तर पाठ खरवडायची कशाबद्दल? यापुढे अशी अट ठेवू. मासा मिळाला तर खरवडू, नाही मिळाला तर नाही. म्हणजे तुम्हीसुद्धा जरा मन लावून जागा शोधाल."

"अरे, मन लावून पोहता येतं," कासव म्हणालं. "मन लावून मासा कसा आणू?"

मांजराने कोल्ह्याच्या बाजूने मान डोलावली. बगळा डोळे मिटून एका पायावर उभा राहिला. त्याला भांडणही नको होतं आणि खरवडणंही नको होतं. कासव दिवसभर उन्हातून पोहून आलेलं. वाद घालायचं त्राण त्याच्या अंगात उरलं नव्हतं. "बरं बाबा, तुमचं खरं," ते म्हणालं. दमलेल्याच्या 'बरं'ला होकार समजू नये, पण ऐकणाऱ्याला तेच सोयीचं असतं. तिघेही खुशाल घरी गेले.

पुढे समुद्र रुसलेलाच राहिला. कासव नेई, परत आणी, आणि तिघे टुणकन उड्या मारून चालते होत. पाठीवर कालवांवर कालवं चढली. कासव वाटेत थांबून धापा टाकू लागलं. "कोल्ह्या, पाठ फार जड झाली रे. थोडी तरी खरवड," असं ते एकदा काकुळतीला येऊन म्हणालं. कोल्हा म्हणाला, "मासा दाखवा, लगेच खरवडतो. अट म्हणजे अट."

आणि एका सकाळी समुद्राची मर्जी फिरली. दूरवर पक्षी घिरट्या घालू लागले, त्यांच्या खाली बांगड्यांनी पाणी नुसतं खळबळत होतं. कोल्हा धावतच आला आणि पाठीवर चढला. "चला काका, लवकर!" कासव पाण्यात शिरलं. थोडं पुढे गेल्यावर पाणी कोल्ह्याच्या पावलांना लागलं, मग गुडघ्यांना, मग पोटाला.

"काका, वर या! मी बुडतोय!"

"याहून वर येता येत नाही रे आता," कासव कसंबसं म्हणालं.

मासे समोर उड्या मारत होते, आणि कासवाला मागे वळावं लागलं. किनाऱ्याला लागताच त्याने वाळूवर मान टाकली आणि डोळे मिटले. कोल्ह्याने हाका मारल्या, तरी ते हललं नाही. तेव्हा मात्र कोल्ह्याला रडूच कोसळलं. त्याने ओरडून मांजराला आणि बगळ्याला बोलावलं, आणि तिघे पंजांनी, दातांनी, चोचीने ती पाठ खरवडू लागले. तिकडे पक्षी पोटभर खाऊन परतू लागले होते, पण इकडे कुणी मान वर केली नाही. ऊन कलल्यावर कासवाने डोळे उघडले. समुद्र पुन्हा रिकामा झाला होता.

कासवाला बरं वाटल्यावर ते पुन्हा निघालं. पाठीवर चढता चढता कोल्हा म्हणाला, "काका, आज मासे..." आणि पुढचं त्याने गिळून टाकलं. दिवसभर शेपूट पाण्यात सोडून बसला, आणि ओली शेपूट तेवढी घेऊन परत आला. किनाऱ्यावर उतरल्यावर तो घरी गेला नाही. निमूटपणे पाठ खरवडू लागला.

"अरे, आज तर एकही मासा मिळाला नाही," कासव म्हणालं.

"नाही मिळाला. पण तुम्ही नेलंत आणि आणलंत," कोल्हा म्हणाला. "जरा मान खाली घ्या काका, मानेमागे एक कालव राहिलंय."

तात्पर्य : जे कुणाच्याच हातात नसतं, त्याचा राग राबणाऱ्यावर काढू नये; नशिबाने साथ दिली नाही, तरी मेहनतीचा मोबदला मेहनत करणाऱ्याला मिळालाच पाहिजे.