देवीचं पाणी आणि ओलं धोतर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात दिल्या शब्दाला जागणारी एक आई होती. नवरा केव्हाच गेलेला, पदरी एकच लेक, हैबती. लहानपणी तो तापाने फणफणला, तेव्हा तिने देवीपुढे पदर पसरला होता. माझं लेकरू वाचव, मोठा झाला की पौषात नऊ दिवस तुझ्या आंघोळीचं पाणी आणील.

देवी डोंगरावर, नदी पायथ्याला. पौषात नऊ दिवस भल्या पहाटे गावातला एक जण नदीत बुडी मारायचा, तशाच ओल्या धोतराने कळशी खांद्यावर घ्यायचा आणि उजाडायच्या आत धावत देवळात पोचायचा. पूर्वी वाट जवळची होती. मग एका पावसाळ्यात कडा कोसळला, ती वाट बुजली, आणि नवी वाट डोंगराला वळसा घालून उघड्या खिंडीतून जाऊ लागली. वाट तिप्पट लांबली, पण रीत कोणी बदलली नाही.

हैबती वीस वर्षांचा झाला आणि नवस फेडायची वेळ आली. गावातला एक म्हातारा काठी टेकत त्यांच्या दारी आला. तरुणपणी त्यानेही हे पाणी वाहिलं होतं, आणि त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं त्या खिंडीतच गारठून गेली होती.

"पोरा, बुडी मार, पण अंग पुसून कोरडं नेस," तो म्हणाला. "कान न् बोटं झाकून घे. निघताना जरा गार लागेल, लागू दे, चार पावलांत अंग तापतं. घोंगडी अंगावर न घेता कमरेला बांध, नाहीतर चढाला घामाने ओला होशील. आणि वर पाय थांबले, की दुसरं काही करायच्या आधी ती पांघर. धावत्या माणसाला थंडी गाठत नाही, थांबलेल्याला गाठते."

आई चुलीपाशी होती. ती अदबीने म्हणाली की रीत ओल्या धोतराची आहे, देवीशी घासाघीस आपल्याला जमायची नाही.

"अगं पोरी, आंघोळ देवीला घालायची आहे की तुझ्या लेकाला?" म्हातारा म्हणाला.

आई ओशाळली, पण तिचं मन वळेना. देवीनेच लेक राखला होता. शब्दात काही खोट राहिली तर देवी त्याला परत नेईल, ही भीती तिच्या पोटात घर करून बसली होती.

पहिल्या पहाटे ती नदीवर गेली, तेव्हा तिच्या काखेत कोरडं धोतर होतं. आईचंच काळीज ते. हैबती पाण्यातून बाहेर आला, दातावर दात वाजत होते. "आई, कोरडं नेसू का गं?"

तिचा हात पुढे झाला आणि मागे आला. "नऊच दिवस, बाळा. देवी सांभाळील."

सहा दिवस देवीने सांभाळलं म्हणायचं. परत आल्यावर हैबती आईची थट्टा करायचा, की खिंडीत धोतर इतकं ताठ होतं, सोडून दिलं तर एकटंच देवळात चालत जाईल. आई हसायची. चौथ्या दिवसापासून तो खोकू लागला होता, म्हणून त्याला सुंठ-गूळ द्यायची.

सातव्या पहाटे गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं. हैबती वर पोचला तर देऊळ बंद. थंडीने पुजाऱ्याला पांघरुणातून उठवेना. देवीच्या हाती पोचेस्तोवर कळशी टेकवायची नाही, म्हणून हैबती ती खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. पाय थांबले तशी अंगातली ऊब ओसरली, आणि ओलं मात्र अंगाला धरून राहिलं. दार उघडल्यावर त्याने पाणी दिलं आणि पायरीवर बसला. तो उठलाच नाही.

चौघांनी त्याला उचलून घरी आणलं. घरात होतं नव्हतं ते सारं आईने त्याच्यावर घातलं आणि त्याला उराशी धरून बसली. तिसऱ्या दिवशी तो गेला. राहिलेले दोन दिवस पाणी कोणी नेलं, हे तिला कळलंही नाही.

महिनाभराने ती डोंगर चढून गेली. माझं कुठे चुकलं, एवढंच तिला विचारायचं होतं. पुजाऱ्याने नुकतीच देवीला आंघोळ घातली होती. मऊ पंच्याने तो मूर्ती टिपत होता, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग त्याने देवीला लोकरीची शाल पांघरली. आईने विचारलं, हे रोज करता का? तो म्हणाला, थंडीचं करावंच लागतं, ओलं ठेवून कसं चालेल?

आई खांबाला टेकून खाली बसली. देवीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कधीच नसावा. त्या दिवशी ती पोटभर रडली.

पुढच्या पौषात नदीवर दुसऱ्या घरचा लेक बुडी मारून वर आला, तेव्हा ही काठावर उभी होती. तिने त्याची पाठ खसखसून पुसली, कोरडं नेसवलं, कान बांधले. त्या मुलाची आई घाबरून म्हणाली, "अहो काकी, नवस मोडला तर?"

"तर देवीला माझं नाव सांग," ती म्हणाली, आणि त्या मुलाच्या कमरेला घोंगडी बांधू लागली.

तात्पर्य: थंडीत धावताना अंग कोरडं ठेवावं आणि थांबताच पांघरावं. देवाला आपली सेवा हवी असते, आपल्या लेकरांचं कुडकुडणं नको असतं.