टोपीखालचा दात

दातांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदिनीबाईंचे दात वाकडेतिकडे होते, म्हणून डॉक्टरांनी त्यांवर एक पारदर्शक साचा बसवला. साचा दातांना हळूहळू रांगेत ढकलू लागला.

त्यांतल्या एका दाताला टोपी होती. तो पूर्वी किडला होता, तेव्हा त्याला कोरून ती बसवली होती. गुळगुळीत टोपीवरून साच्याची पकड निसटायची आणि तो दात मागेच राहायचा.

शेजारचा सुळा वैतागला. "तू नुसतं कवच आहेस. तुझ्यामुळे आम्ही सगळे अडलोय."

टोपीचा दात साच्याला म्हणाला, "आणखी जोर लाव."

"टोपी निघाली तर उघडा पडशील."

"पडू दे. हलायचं आहे ते मुळाला, आणि मूळ अजून माझंच आहे."

साच्याने जोर लावला. फार दुखलं, पण दात सरकत राहिला. रांगेत पोहोचला त्याच सकाळी टोपी निखळली. आत कोरून बारीक झालेला खुंट होता. एवढ्याशा अंगावर याने इतकी वर्षं घास चावले, हे सुळ्याला तेव्हा दिसलं.

मग सुळा हळूच म्हणाला, "नवी टोपी येईपर्यंत तुझ्या वाटचा घास मी चावतो."